उतरत्या काळातला गायक, दुरावलेली मुलगी आणि ‘डॅनी कॉलिन्स’: एका पटकथेविषयी

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरकडचा, ऑर्केस्ट्रात नाव कमावलेला एक गायक आता साठी ओलांडून गेला आहे, कामं आटली आहेत. त्याची मुलगी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि वीस वर्षांत दोघांची भेट नाही. शेवटी तो मंचावर तिच्या लहानपणीची अंगाई गातो आणि ती प्रेक्षकांत बसून रडते. मसुदा वाचणारे म्हणतात, की अर्धी पटकथा विनोदी आहे, अर्धी रडकी आहे आणि दोन्ही अर्धांची एकमेकांशी ओळख नाही. कुणीतरी ‘डॅनी कॉलिन्स’ हा इंग्रजी चित्रपट पाहायला सांगितलं. तो आवडला, पण त्यात नेमकं काय साधलंय ते हाती लागत नाही. तर चुकतंय कुठे?

तुमचा शेवट चुकतोय. आणि बाकीचं जे बिनसलंय, त्यातलं बरंचसं त्या शेवटाकडे पोचायच्या घाईमुळे बिनसलंय.

या गायकानं घर सोडलं ते गाण्यासाठी. मुलीची तक्रार हीच, की बाप कायम मंचावर होता, घरी कधी नव्हता. आणि तुम्ही शेवटी तिला पुन्हा प्रेक्षकांत नेऊन बसवता आणि त्याला पुन्हा मंचावर उभं करता. त्याला माफी मिळते ती ज्या गोष्टीत तो जन्मभर पटाईत होता त्या गोष्टीसाठी. म्हणजे त्याला काहीच मोजावं लागलं नाही. वाचणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, मग तो ‘ओढूनताणून वाटतं’ म्हणतो. पटकथा वाचून दुरुस्त करण्याच्या कामात या जातीच्या गोष्टी माझ्याकडे सतत येतात. गायक असो, तबलजी असो, शाहीर असो, दहांतल्या आठ गोष्टींचा शेवट कार्यक्रमातच होतो. गाणं आणि माफी एकाच प्रसंगात उरकण्याचा मोह फार मोठा आहे, कारण गाणं सुरू झालं की प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणणं सोपं असतं.

आता ‘डॅनी कॉलिन्स’कडे येऊ. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हे जाणून पुढे वाचावं, की मी शेवटही सांगणार आहे. चित्रपट २०१५चा. डॅन फोगेलमननं लिहिला, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच चित्रपट. अल पचिनोनं रंगवलेला डॅनी हा श्रीमंत, लोकप्रिय, पण आतून वाळून गेलेला पॉप गायक. कित्येक वर्षांत त्यानं नवं गाणं लिहिलेलं नाही. त्याच्याबरोबरच म्हातारा झालेला श्रोतावर्ग एकच गाजलेलं गाणं मागतो आणि तो ते गातो. वाढदिवसाला त्याचा मॅनेजर फ्रँक (ख्रिस्तोफर प्लमर) त्याला एक पत्र भेट देतो. ‘बीटल्स’ बँडमधल्या जॉन लेननचं. डॅनीची तरुणपणातली मुलाखत वाचून लेनननं ते लिहिलं होतं, आणि ते त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

ही कल्पना खऱ्या घटनेवरून घेतली आहे. स्टीव्ह टिल्स्टन नावाच्या ब्रिटिश लोकसंगीत गायकाची मुलाखत १९७१मध्ये ‘झिगझॅग’ मासिकात आली होती. पैसा आणि प्रसिद्धी मिळाली तर गाणी लिहिण्यावर त्याचा परिणाम होईल का, असा विषय त्यात निघाला होता. लेनननं त्यावर पत्र लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवलं, त्यात स्वतःचा फोन नंबरही दिला. टिल्स्टनला त्या पत्राचा पत्ता लागला २००५मध्ये, एका संग्राहकानं चौकशी केली तेव्हा. पण खरा टिल्स्टन काही उधळलेला तारा नव्हता. तो आपली गाणी लिहीत, गात राहिलेला कलावंत होता. फोगेलमननं घटना उचलली आणि माणूस उलटा केला: ज्याला त्या पत्राची गरज नव्हती त्याच्या जागी असा माणूस ठेवला, ज्याचं त्या पत्राविना आयुष्य वाहवत गेलं. सत्यकथेवर काम करणाऱ्यांनी हे नीट पाहावं. घटना खरी असणं पुरेसं नसतं, ती कुणाच्या वाट्याला आली तर सगळ्यात जास्त दुखेल हे शोधावं लागतं.

पत्र वाचून डॅनी काय करतो? दौरा थांबवतो, न्यू जर्सीतल्या एका हिल्टन हॉटेलात मुक्काम ठोकतो, खोलीत पियानो आणवतो आणि दोन कामं हाती घेतो. एक, नवं गाणं लिहिणं. दोन, एका रात्रीच्या ओळखीतून झालेल्या, कधीच न भेटलेल्या मुलाला भेटणं. तो मुलगा टॉम (बॉबी कॅनवाली) आता बायकामुलीचा संसार असलेला, कष्टानं घर चालवणारा माणूस आहे.

आता बारकाईनं पाहा, ही दोन कामं कुठे संपतात. नवं गाणं एका छोट्या क्लबात, मोजक्या लोकांसमोर गायचं ठरतं. डॅनी पियानोशी बसतो, सुरुवात करतो, लोक जुन्या गाण्याची फर्माईश करतात आणि तो मान टाकतो. जुनं गाणं गातो. संगीताची गोष्ट तिथे हरते, आणि त्या रात्री तो जुन्या सवयींकडे घसरतो. मुलाची गोष्ट मात्र संपते ती दवाखान्यात. टॉमला रक्ताचा कर्करोग आहे, तपासणीचा निकाल ऐकायला बापलेक डॉक्टरांच्या खोलीत बसलेत. टॉम घाबरलेला आहे. डॅनी त्याला सांगतो, की या डॉक्टरांची एक सवय आपण हेरली आहे: बातमी वाईट असली की ते ‘मिस्टर डॉनेली’ म्हणतात, चांगली असली की ‘टॉम’. दार उघडतं, डॉक्टर आत येतात आणि ‘टॉम’ म्हणतात. चित्रपट तिथेच थांबतो.

त्या प्रसंगात गाणं नाही, माफीचं भाषण नाही, मिठी नाही. डॉक्टर कधी काय हाक मारतात हे लक्षात येण्यासाठी माणूस त्या खोलीत आधी हजर असावा लागतो, आणि स्वतःचा विचार सोडून समोर काय चाललंय ते पाहणारा असावा लागतो. चाळीस वर्षं गैरहजर असलेल्या बापानं काय कमावलं, तर हजेरी. हे सगळं एका साध्या, किंचित विनोदी वाक्यातून येतं. मी या प्रसंगाला या चित्रपटातलं सगळ्यात मोठं यश मानतो.

विनोदाचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. डॅनीच्या स्वभावाचा पाया एकच आहे: त्याला माणसं जिंकता येतात. हॉटेलातली मॅनेजर मेरी (अॅनेट बेनिंग) रोज त्याचं जेवणाचं आमंत्रण नाकारते आणि रोज त्या नकाराची मजा घेते. स्वागतकक्षातली मुलगी आणि गाड्या लावणारा मुलगा यांचं तो जुळवू पाहतो. सून विरघळते, नात तर लगेच. ज्या वागण्याला हे सगळे भुलतात त्याच वागण्यापुढे टॉम भिंतीसारखा उभा राहतो. गंमत आणि दुःख दोन्ही एकाच स्वभावातून निघतात, म्हणून चित्रपटाचे दोन तुकडे पडत नाहीत. तुमच्या मसुद्यात विनोद येतो तो ढोलकीवाल्या मित्राच्या कोट्यांतून. तो मित्र पान ४०नंतर नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर हसूही जातं. विनोद बाजूच्या पात्राकडे भाड्यानं दिला की असं होणारच. तुमच्या गायकाचा कोणता गुण लोकांना हसवतो आणि मुलीला छळतो, तो एक गुण शोधा. मला वाटतं तो तुमच्याच मसुद्यात आहे: हा माणूस कुठल्याही अवघड क्षणी निवेदकासारखं बोलू लागतो. ‘आणि आता आपल्या भेटीला येत आहे’ वगैरे. लग्नाच्या पंगतीत त्यावर हशा पिकेल. मुलीच्या दारात तेच बोलला तर ती दार लावून घेईल. तुम्ही ही सवय दोनदा वापरून सोडून दिली आहे. ती शेवटपर्यंत न्या, आणि शेवटी ती सुटताना दाखवा.

दारावरून आठवलं. डॅनी पहिल्यांदा टॉमच्या घरी जातो तेव्हा दार टॉम उघडत नाही, त्याची बायको सामंथा (जेनिफर गार्नर) उघडते. जिच्या मनात या माणसाबद्दल उत्सुकता आहे आणि राग उसना आहे, अशी व्यक्ती. त्यामुळे प्रसंगाला बसायला जागा मिळते, चहापाणी होतं, नात बडबडते, आणि मग टॉम घरी येतो. तुमच्या मसुद्यात मुलगी स्वतः दार उघडते, त्यामुळे दुसऱ्याच मिनिटाला भांडण होतं आणि पुढे सांगायला काही उरत नाही.

त्याच वर्षी, २०१५मध्येच, या विषयावरचा दुसरा चित्रपट आला: जोनाथन डेमीचा ‘रिकी अँड द फ्लॅश’, लेखिका डायब्लो कोडी. त्यात मेरिल स्ट्रीपनं रंगवलेली रिकी कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये रॉक बँडबरोबर गाते आणि दिवसा किराणा दुकानात गल्ल्यावर उभी राहते. मुलं तिनं कधीच मागे सोडली आहेत. मुलगी ज्युलीचा संसार मोडतो तेव्हा ती इंडियानापोलिसला परतते. ज्युलीचं काम स्ट्रीपच्या सख्ख्या मुलीनं, मेमी गमरनं केलंय. हा चित्रपट संपतो मात्र गाण्यावर, मुलाच्या लग्नात. मग माझं आधीचं म्हणणं खोटं ठरतं का? नाही, आणि याचं कारण पैशात आहे. डॅनी श्रीमंत आहे. नातीच्या शाळेचा खर्च तो सहज उचलतो, त्यामुळे पैसा आणि प्रसिद्धी त्याच्यासाठी स्वस्त आहेत, आणि त्याला मोजावा लागतो तो वेळ. रिकीकडे लग्नाला जाण्याच्या तिकिटाचेही पैसे नाहीत. तिच्या जोडीदाराला आपली गिटार विकावी लागते. आहेर द्यायला तिच्याकडे गाण्याशिवाय दुसरं काही नाही, आणि ते ती त्यांच्या मांडवात, नाकं मुरडणाऱ्या पाहुण्यांसमोर गाते, स्वतःच्या बारमध्ये नव्हे. तुमच्या पात्राच्या खिशात काय आहे, यावर त्यानं काय मोजायचं हे ठरतं. तुमचा गायक यांच्यापैकी कुणासारखा आहे हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. एका पानावर तो गाडी विकतो, दुसऱ्या पानावर मुलीच्या क्लिनिकसाठी पैसे देऊ करतो.

तो गरीब असेल तर त्याला आपल्याकडे पक्कं कारणही आहे. कॅसेटच्या काळात, ऐंशीच्या दशकात, कितीतरी गायकांनी एकरकमी मोबदल्यावर गाणी ध्वनिमुद्रित केली. गाणं गावोगाव वाजलं, पण पुढचा पैसा गायकाला मिळाला नाही. स्वामित्वधनाच्या बाजूनं कायदा बदलला तो २०१२मध्ये, आणि तेव्हाही जुन्या कॅसेटवाल्या गायकाच्या हाती फारसं काही लागणं अवघडच. म्हणजे आवाज घराघरांत आणि माणूस भाड्याच्या खोलीत, हे आपल्याकडे अगदी खरं आहे. आणि यातून मुलीची बाजू किती तिखट होते पाहा: ज्या बापानं एक फोन केला नाही त्याचा आवाज दर गणपतीत चौकातल्या मांडवातून तिच्या खिडकीत येतो. तिला तो बंदही करता येत नाही. असा एक प्रसंग लिहाल तर तिच्या रागाचं स्पष्टीकरण देणारी तुमची तीन पानं कापता येतील.

क्लबातल्या त्या हरण्याच्या प्रसंगाला पर्यायही तुमच्या जगातच आहे. आपल्याकडे रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ते ठरवलंय, सणासुदीच्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सवलत मिळते तेवढीच. तुमच्या गायकाला बऱ्याच काळानं एक सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं काम, मिळते, यात्रेतली. आयोजक जुनी गाणी लांबवतात, सत्कार होतात, नारळ वाटले जातात, आणि त्याचं नवं गाणं दहाला दोन मिनिटं कमी असताना सुरू होतं. पहिल्या कडव्यात हवालदार मंचाच्या पायऱ्यांशी येतो. माइक बंद. लोक उठून चालू लागतात. हा प्रसंग हसवतो आणि त्याच दमात आत रुततो, त्याला वेगळ्या कोट्यांची गरज नाही.

कीबोर्डवाल्याकडेही जरा लक्ष द्या. तुमच्या मसुद्यात त्याला एकच वाक्य आहे. वयानुसार आवाज उतरतो, जे गाणं कधीकाळी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरच्या उंच पट्टीत, उचललं जायचं ते आता खालच्या काळी दोनमध्ये घ्यावं लागतं. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळं गाणं वर-खाली सरकवणारं, बटण असतं. हा मित्र गायकाला न विचारता, न सांगता दर दोन-तीन वर्षांनी पट्टी एकेक घर खाली आणत आलाय, आणि गायक अजून सगळ्यांना सांगतो की माझी पट्टी बदललेली नाही. ‘डॅनी कॉलिन्स’मध्ये फ्रँक जे काम करतो, म्हणजे या माणसाला आतून ओळखणं आणि योग्य वेळी मुलाकडे जाऊन त्याच्याबद्दल दोन शब्द सांगणं, ते काम तुमच्याकडे हा कीबोर्डवाला करू शकतो. ढोलकीवाला काढून टाका.

आवाजाचा मुद्दा निघालाच आहे तर निर्मितीतली एक गोष्ट आताच निर्मात्याशी बोलून ठेवा. पचिनो स्वतः गायलाय. त्याचं गाणं काही थोर नाही, आणि ते पात्राला शोभतं. ‘रिकी’मध्ये स्ट्रीप इलेक्ट्रिक गिटार शिकली आणि बँडमध्ये खऱ्या वादकांबरोबर वाजवत गायली. साठी ओलांडलेल्या पात्राला तिशीतल्या पार्श्वगायकाचा स्वच्छ आवाज लावला तर पट्टीचा सगळा खेळ वाया जाईल. थोडं कमी नाव असलेला पण गाऊ शकणारा नट घ्या. आणि गाजलेलं गाणं सोपं लिहून घ्या, एकदा ऐकून प्रेक्षकाला ध्रुवपद यायला हवं. चित्रपटात ते इतक्या वेळा वाजू द्या, की शेवटी गायकाइतकाच प्रेक्षकही त्याला कंटाळेल.

‘डॅनी कॉलिन्स’मधून काय घेऊ नये, तेही सांगतो. एका घरावर त्यात फार ओझं टाकलंय: मुलाचा कर्करोग, नातीची अतिचंचलता, सुनेचं गरोदरपण. पार्श्वभूमीला लेननची गाणी काही ठिकाणी प्रसंगाचा अर्थ आधीच सांगून टाकतात. आणि टॉमची आई वारलेली आहे, त्यामुळे लेखकाची मोठीच सोय झालीय. तुमच्या गोष्टीत आई जिवंत आहे आणि तुम्ही तिला देवघरापाशी बसवून ठेवलंय. हे चालणार नाही. पहिला हिशेब तिचा आहे. ‘रिकी’मध्ये मुलांना प्रत्यक्ष वाढवणारी सावत्र आई, मॉरीन (ऑड्रा मॅक्डॉनल्ड), रिकीला समोर बसवून शांतपणे सुनावते. मुलं आजारी असताना, रडताना, वाढताना तिथे कोण होतं, हे सांगण्याचा तिला अधिकार आहे, आणि रिकीकडे उत्तर नाही. त्या चित्रपटात मला सगळ्यात जास्त भावलेला प्रसंग तोच. तुमच्या मुलीच्या आईला असा एक प्रसंग द्या, आणि त्यात तिला रडवू नका.

आता शेवट. तुम्ही मुलीला फिजिओथेरपिस्ट केलंत आणि तिचं काम एकाही प्रसंगात वापरलं नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण तुमचा खरा शेवट तिथेच पडून आहे. गायकाचा खांदा आखडू द्या. मधुमेह असलेल्या माणसाला फ्रोझन शोल्डर होणं नेहमीचंच आहे, आणि तो सुटायला महिने जातात. माइक धरलेला हात वर जात नाही, म्हणून कीबोर्डवाला त्याला तिच्या क्लिनिकमध्ये नेतो. ती त्याला रुग्ण म्हणून घेते, ना कमी ना जास्त. भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, दहा आकडे थांबायचं, पुन्हा. तो आकडे केरव्याच्या ठेक्यात म्हणतो, ती ‘सावकाश मोजा’ म्हणते. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, त्याला टाळ्या नाहीत, आणि तो रोज न चुकता करावा लागतो. जन्मात कुठल्याही घरगुती गोष्टीला वेळेवर न पोचलेला हा माणूस सकाळी साडेआठच्या वेळेला येतो की नाही, याकडे प्रेक्षक श्वास रोखून पाहील. दोनदा तो येणार नाही. त्यातल्या एकदा यात्रेची सुपारी असेल. नंतर तो येऊ लागेल, आणि बोलणं कमी करेल. शेवटच्या पानावर हात कानाच्या वर गेला एवढंच घडू द्या, आणि तिनं पुढची तारीख लिहून द्यावी.

अंगाई तुम्हाला फार प्रिय आहे हे दिसतंय, ती ठेवा. पण मध्यंतराच्या आधी ठेवा आणि फसू द्या. यात्रेच्या कार्यक्रमात नको, क्लिनिकमध्ये, वातावरण सैल करायला तो ती गुणगुणू लागतो आणि पहिल्या दोन ओळींपुढे त्याला शब्द आठवत नाहीत. मुलगी हातातलं काम न थांबवता सांगते, की ती अंगाई तुम्ही कधी म्हटलीच नाही, आई म्हणायची. आईचा तो प्रसंग लगेच यानंतर घ्या.